खगोलशास्त्र की भूगर्भशास्त्र? खानापूरच्या मुलीला एक लांबलचक उत्तर

खानापूर तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या एका मुलीनं विचारलंय की खगोलशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांत नेमका फरक काय. एक वरचं आणि एक खालचं एवढंच, की आणखी काही? चंद्रावरचे दगड मग कुणाच्या वाट्याला जातात? शेवटी एक ओळ आहे, "घरचे म्हणतात दोन्हींत नोकरी नाही." त्या ओळीकडे शेवटीच येतो. मी तीसेक वर्षं दगडाच्या धंद्यात आहे. त्यातली बहुतेक बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चंदगड या पट्ट्यात बोअरचे पॉइंट देण्यात आणि जांभ्याच्या खाणी मोजण्यात गेली. आकाश हा माझा रात्रीचा नाद. म्हणजे एका शास्त्रातला मी गडी आणि दुसऱ्यातला हौशी, उत्तर त्या हिशेबानं घे.

जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतला माणूस एकदा टॉवेलात गुंडाळून एक ढेकूळ घेऊन आला. टेबलावर ठेवलं तर ठण्ण वाजलं.

"सर, ह्यो आभाळातनं पडलाय बघा. परवा रात्री केवढा उजीड झाल्ता. सकाळी शेतात गेलो तर ह्यो घावला."

दगड काळा, आकाराच्या मानानं जड, लोहचुंबकही चिकटत होतं. नवशिका इथंच फसतो. मी बाथरूमच्या टाइलचा एक तुकडा ठेवतो, त्याच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासला. हेमॅटाइट असता तर विटकरी-तांबडी रेघ उठली असती, मॅग्नेटाइट असता तर काळी. धड काहीच उठेना, म्हणून हातोडीनं कोपरा उडवला. आत इडलीसारखी जाळी, आणि काचेसारखी चमक. आभाळातून आलेल्या दगडात अशी जाळी जवळजवळ कधी सापडत नाही. त्याच्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं पातळ काळं कवच असतं, आत रंग फिकट, आणि बहुतेक वेळा धातूचे बारीक चमकते कण. हा होता कीट. आपल्या जांभ्याच्या पट्ट्यात पूर्वी ठिकठिकाणी लोखंड गाळायच्या भट्ट्या होत्या, त्यांतला उरलेला मळ. सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं विचारलं, "मग उजीड कसला?"

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या माणसाच्या या प्रश्नात आहे. उजेड खोटा नव्हता. मोठी उल्का जळत गेली असणार. पण ती माझ्या हातात नव्हती, दोन-तीन सेकंदांत संपलेली गोष्ट होती. तिच्याबद्दल काही कळायचं तर तो कुठे उभा होता, उजेड कुठल्या डोंगराच्या वरून कुठे गेला, किती वाजले होते, आणि पाच-दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावात कुणी पाहिलं का, हे हवं. दोन ठिकाणच्या दिशा पक्क्या मिळाल्या की उंची निघते, वेगही कळला तर ती सूर्याभोवती कुठल्या वाटेनं फिरत होती हेसुद्धा काढता येतं. दगडाला घासा, फोडा, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, ॲसिडचा थेंब टाका. उजेडाचं यातलं काही करता येत नाही. तो आला तसा घ्यायचा, त्याचे रंग वेगळे करायचे आणि त्यावरून बोलायचं. खगोलशास्त्राची जवळजवळ सगळी इमारत या एका पाहुण्यावर उभी आहे.

दुसरा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, पण मला तो जास्त मोठा वाटतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत तासभर उभी राहा. काखेतलं पोर, शाळकरी मुलगा, नवं लग्न झालेलं जोडपं, काठी टेकत चढणारी म्हातारी, सगळं एका तासात दिसतं. एकाही माणसाला म्हातारं होताना न बघता तू आयुष्याचा क्रम सांगू शकतेस. ताऱ्यांचं असंच झालं. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं, ते कुणी बसून पाहिलेलं नाही. पण आकाशात जन्मणारे, भर वयातले, फुगलेले आणि विझलेले तारे एकाच रात्री दिसतात. भूगर्भशास्त्राच्या नशिबी जत्रा नव्हती. त्याच्या वाट्याला एकच म्हातारी आली, तिच्या अंगावरचे वण, भाजल्याचे डाग, वाकलेली हाडं बघून सगळी हकीकत काढायची. आणि म्हातारीनं अर्ध्या गोष्टी विसरून टाकलेल्या.

विसरणं म्हणजे काय ते गोकाकच्या भागात बघायला मिळतं. धबधबा ज्या दगडावरून उडी घेतो तो वालुकाश्म, वय अब्ज वर्षांच्या घरातलं. उन्हाळ्यात घटप्रभेचं पाणी आटलं की वरच्या थरांवर हात फिरव. काही फरशांवर बारीक लाटा उमटलेल्या दिसतात, नदीकाठच्या ओल्या वाळूवर असतात अगदी तशा. उथळ पाण्यानं एकदा हलवलेली वाळू तशीच दगड झालेली. आणि त्याच तालुक्यात या जुन्या दगडावर थेट काळा पाषाण बसलेला आहे, दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. मधली कोट्यवधी वर्षं कुठे गेली? तेव्हा थर साचलेच नाहीत, किंवा साचले ते झिजून वाहून गेले. आमच्या पुस्तकाची पानं अशी फाडलेली असतात. आकाशात हिशेब लावला तर सूर्य आकाशगंगेभोवती एक फेरी साधारण २३ कोटी वर्षांत पुरी करतो. गोकाकची ती वाळू साचल्यापासून त्याच्या चारेक फेऱ्या झाल्या असतील. काळ्या पाषाणाला पाव फेरीपेक्षा थोडं जास्त झालंय.

मला बोअरच्या पॉइंटवर हमखास ऐकावा लागणारा टोमणा म्हणजे, "ते लोक ग्रहण सेकंदावर सांगतात, तुम्हाला पाणी किती फुटांवर तेबी सांगता येईना." शेजारी हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा माणूस तेव्हा मिशीत हसत असतो. (त्याचं न लागलेलं पाणी कुणी मोजत नाही, ही माझी जुनी तक्रार.) टोमण्यात तथ्य आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो आमच्या वडीलधाऱ्यांनी बेळगावात अंथरुणात अनुभवला. असा भूकंप तारीख-वेळेनिशी आधी सांगणं आजही कुणाला जमत नाही. ग्रहणात मुख्य गिऱ्हाइकं तीन, सूर्य, पृथ्वी, चंद्र. त्यांच्यामधली जागा मोकळी आणि जोर जवळपास सगळा गुरुत्वाकर्षणाचा. खडकाच्या पोटात ताण कुठे किती साठलाय ते दिसत नाही, भेगा लाखो, आणि प्रत्येक दगड वेगळ्या जिद्दीचा. आकाशाचं गणित किती दूर नेता येतं याचा एक नमुना आपल्याच भागातला आहे. बागलकोटच्या शाळेत शिकवणारे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्याचं गणित फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापलं. १९३० मध्ये प्लूटो सापडला तेव्हा आकडे बऱ्यापैकी जुळले. माझ्या मते त्यात योगायोगाचा वाटा मोठा, कारण प्लूटो इतका हलका निघाला की त्यानं दुसऱ्या ग्रहांना जाणवण्याएवढं ओढणं शक्यच नव्हतं. पण शाळामास्तरानं कागद-पेन्सिलीवर तिथवर जावं, ही त्या शास्त्राची पोच.

आता दोन्ही शास्त्रं एकमेकांत कुठे शिरतात ते. ही गोष्ट जमखंडीपासून सुरू करतो.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, सावलीचा पट्टा आपल्या मुलखावरून गेला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. तिथं लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारं यंत्र, लावून बसला होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. ऑगस्टातलं आभाळ तुला माहीत आहे. ढगांच्या फटीतून मिळाले तेवढे क्षण त्यानं साधले आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात तेजस्वी रेषा पाहिल्या. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, त्यानंही त्या पाहिल्या. त्यांतली पिवळ्या बाजूची रेषा बहुतेकांना सोडियमची वाटली. ती सोडियमची नाही हे पुढे लक्षात आलं, आणि पृथ्वीवर न सापडलेल्या त्या मूलद्रव्याला सूर्यावरून हीलियम नाव पडलं. (विजयदुर्गावर लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं हीलियम शोधला असं आपल्याकडे दरवर्षी छापून येतं. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होता, तिथूनच त्यानं ऑक्टोबरात ती रेषा पाहिली.)

सत्तावीस वर्षं हीलियम फक्त सूर्यात होता. १८९५ साली रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला तो पृथ्वीवर मिळाला, आणि मिळाला कुठे, तर युरेनियमच्या खनिजात. दगडात वायू कोंडलेला! कारण नंतर उमगलं. युरेनियम आपोआप फुटतो आणि फुटताना हीलियमचे अणुगर्भ बाहेर फेकतो. मग रदरफोर्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की खनिजात किती हीलियम साठलाय ते मोजलं तर ते खनिज किती जुनं हेही सांगता येईल. आकडे कोटी-कोटी वर्षांत यायला लागले. सूर्यावर दिसलेली वस्तू दगडाचं घड्याळ बनली.

आणि ते घड्याळ भलत्याच वेळी हाती आलं. लॉर्ड केल्व्हिन या भौतिकशास्त्रज्ञानं १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबावरून तिचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षं काढलं होतं, १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर आणून बसवलं. सूर्य आक्रसून उष्णता देतो असं धरलं तर सूर्यही त्याहून फार जुना निघत नव्हता. भूगर्भवाले म्हणत होते, एवढ्या वेळात आमचे थर साचतच नाहीत. पण त्यांच्याकडे आकडा नव्हता, समोर केल्व्हिनचं गणित होतं. शेवटी थर खरे ठरले. पृथ्वीच्या पोटात किरणोत्सर्गी उष्णता आहे, खालचा खडक संथपणे हलतो, आणि सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचा हीलियम होतो, हे केल्व्हिनला ठाऊक नव्हतं. सूर्याची भट्टी कशावर जळते हे कोडं खरंच कोडं आहे, हे आधी दगडांनी दाखवून दिलं.

हे पुन्हा एकदा घडलं. हबल या खगोलशास्त्रज्ञाच्या मोजमापावरून विश्वाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं येत होतं, आणि दगडांची वयं त्याहून जास्त यायला लागली होती. घरापेक्षा वासा जुना! १९५२ मध्ये बाडे या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की ज्या ताऱ्यांवरून अंतरं मोजली ते दोन जातींचे होते आणि घोळ त्यात झाला. दोन्ही वेळा दगडाचं म्हणणं टिकलं. आमच्या धंद्यातले लोक हे सांगताना जरा छाती फुगवतात, मीही त्यांतलाच.

पण आमचीही फजिती आहे, लपवत नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेचा मातब्बर भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट ॲरिझोनातल्या सव्वा किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यापाशी गेला. आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे पडलेले. तरी त्यानं निकाल दिला की खड्डा वाफेच्या स्फोटाचा. आणि हाच माणूस दुर्बिणीतून चंद्र बघून म्हणाला की चंद्रावरचे खड्डे आदळण्यानं झालेत! वरचं बरोबर, पायाखालचं चूक. आभाळातून काही पडून जमीन बदलते हे दगडवाल्यांना फार दिवस पचलं नाही. १९६० मध्ये शूमेकर या भूगर्भशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या खड्ड्यात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं क्वार्ट्झचं एक रूप दाखवलं, तेव्हा वाद मिटला. आपलं लोणारही बराच काळ ज्वालामुखीच्या खाती होतं. १९७० च्या दशकात तिथले धक्क्यानं काच झालेले कण तपासले गेले. काळ्या पाषाणात झालेला १.८ किलोमीटरचा तो खड्डा आज चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना हवाहवासा आहे, कारण चंद्रावरची काळी मैदानं त्याच जातीच्या दगडाची.

पौर्णिमेला जो ससा दाखवतात ना, तो बेसाल्ट आहे. राजहंसगडाच्या पायथ्याला जो काळा दगड तू पायानं उडवतेस त्याचा चुलतभाऊ, फक्त बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुना. त्यामुळे चंद्रावरचे दगड कुणाचे, याचं उत्तर व्यवहारात असं झालंय की दुर्बिणीतून दिसत होता तोवर चंद्र खगोलवाल्यांचा होता, पाऊल पडलं त्या दिवसापासून भूगर्भवाल्यांचा झाला. अपोलोनं ३८२ किलो दगड-माती आणली, आणि १९७२ च्या शेवटच्या मोहिमेत श्मिट नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ स्वतः तिथं वाकून दगड वेचत होता. आपलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. त्याच्या प्रज्ञान या छोट्या गाडीनं माती मोजली ती फिकट, ॲनॉर्थोसाइट जातीच्या दगडाची निघाली. चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजं वर तरंगून साय धरली, या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. माती मोजणारं ते उपकरण अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेत बनलेलं. कुठलं शास्त्र म्हणायचं, सांग.

पृथ्वीचं वयसुद्धा असंच उसनं आहे. इथला सगळ्यात जुना दगड पृथ्वीइतका जुना नाही, जुने दगड गाडले गेले, वितळले. पॅटरसन या शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये उल्कांमधलं शिसं मोजून ४५५ कोटी वर्षं हा आकडा पक्का केला. त्यातला महत्त्वाचा तुकडा कुठला? गिल्बर्टनं नाकारलेल्या त्याच खड्ड्याच्या काठचा.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी जागा मात्र वेगळी आहे, आणि ती संक्रांतीशी जोडलेली आहे. तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीला देतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. हा चोवीस दिवसांचा फरक पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून पडलाय. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षं, पूर्ण फेरीला साधारण २६ हजार. पंचांगकर्त्यांना हे संपातचलन माहीत असतं. याशिवाय आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात थोडा कमीजास्त होतो आणि पृथ्वीची कक्षा लाखभर वर्षांच्या चक्रात जरा लांबट-गोल होते. मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञानं म्हटलं की हिमयुगं यामुळे येतात-जातात. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळात हीच चक्रं मोजून सापडली. पंचांगातलं गणित चिखलात!

प्रवाळांचंही तसंच. जीवाश्म प्रवाळांवर रोजच्या वाढीच्या बारीक रेघा असतात. वेल्स या शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये त्या मोजल्या तर सुमारे ३८ ते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वर्षात जवळपास ४०० दिवस निघाले, म्हणजे दिवस बावीस तासांचा. भरती-ओहोटीनं पृथ्वीची गती मंदावते आणि चंद्र लांब जातो. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून आज तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय हे मोजलंय.

आणि गणितालाही भिंत आहे. ग्रह एकमेकांना ओढत राहतात, त्यातली बारीक चूक मागे जाताना वाढत जाते. पाच-सहा कोटी वर्षांच्या मागे पृथ्वीची कक्षा नेमकी कशी होती हे गणितानं सांगता येत नाही. म्हणजे आपला काळा पाषाण थिजला त्या काळापर्यंतसुद्धा ते पोचत नाही. त्यापलीकडे ग्रहांच्या वाटा शोधायला आता जुन्या तळ्यांचे थर वाचतात, कोणता थर किती जाड यावरून. ग्रहगणितवाला चिखलाकडे हात पसरतो, हे बघायला मला फार आवडतं.

डायनॉसोर कशानं संपले या खटल्यात आपण जवळचे पक्षकार आहोत, पण त्यात खोल शिरत नाही. १९८० मध्ये आल्वारेझ बाप-लेकांनी, बाप भौतिकशास्त्रज्ञ आणि मुलगा भूगर्भशास्त्रज्ञ, त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम, म्हणजे जमिनीवर दुर्मीळ पण उल्कांत जास्त असणारा धातू, जास्त असल्याचं दाखवलं आणि मोठी अशनी पडल्याचं सांगितलं. मेक्सिकोतला खड्डा नंतर ओळखला गेला. पण त्याच सुमारास दख्खनचा लाव्हाही वाहत होता. आपल्या अंगणातला दगड या खटल्यात आरोपी क्रमांक दोन आहे.

आता घरच्यांच्या ओळीचं. नोकरीच्या बाबतीत दोन्ही शास्त्रांना एकाच मापानं मोजू नका. भूगर्भशास्त्र बीएस्सीला थेट विषय म्हणून घेता येतं, एमएस्सीसाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आपल्याला जवळ. पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. शिवाय खाणी, बोगदे, धरणं, पाणी. उन्हात चालायची तयारी हवी, बस. खगोलशास्त्राला वाट भौतिकशास्त्र आणि गणितातूनच, आणि पीएचडीपर्यंत जायचं ठरवूनच निघायचं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तीस मोठ्या ॲन्टेना आहेत, बेंगळूरला भारतीय ताराभौतिकी संस्था आहे. जागा थोड्या, चढण लांब. दोन्ही हवं असेल तर ग्रहविज्ञान, पण तिथं पोचायलाही आधी एका बाजूनं पक्कं व्हावं लागतं. मला विचारशील तर गणितात रात्र जागता येत असेल तर भौतिकशास्त्र घे, नाहीतर निःशंक दगड घे.

ठरवण्याआधी दोन गोष्टी कर. एप्रिलमध्ये पाणी कमी असताना कुणा मोठ्या माणसाबरोबर गोकाकला जा, वरच्या फरशांवरच्या त्या लाटा शोध आणि त्यांचे उंचवटे कुठल्या दिशेला आहेत ते वहीत काढ. आणि डिसेंबरातल्या एका अमावास्येला कणकुंबीकडे, मलप्रभेच्या उगमाच्या बाजूला, साधी दुर्बीण घेऊन देवयानी दीर्घिका बघ. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तू ज्या जांभ्यावर उभी असशील तो त्याहून जुना आहे. घरात टाइलचा फुटका तुकडा असेल तर तोही पिशवीत टाक. कुणीतरी काळा दगड दाखवायला येईलच.